दोन धन्यांच्या बँका आणि उषा थोरात

माझ्या आईचं एक पासबुक मी जपून ठेवलं आहे. हिरव्या रेक्झिनच्या वेष्टनातलं, कडा झिजलेलं. शेवटची नोंद २००४ च्या पावसाळ्यातली असून शिल्लक १,३८,४०० रुपये आहे. ही रक्कम आईने सोनचाफा विकून जमवली होती. पहाटेची गाडी पकडून विरारहून दादरच्या फूलबाजारात टोपली नेणाऱ्या आमच्या भागातल्या बायकांपैकी ती एक. आधी तिची भिशी होती. मग पिग्मी एजंट दारावर येऊ लागला. रोजचे वीस, सणावारी पन्नास, आणि वर्ष संपलं की त्याची मुदत ठेव. बँक आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. व्याज मोठ्या बँकांपेक्षा टक्काभर जास्त. संचालकांपैकी दोघे ओळखीचे. याहून जास्त चौकशी कोण करतं?

मी मात्र करायला हवी होती, कारण मी स्वतः दुसऱ्या एका नागरी सहकारी बँकेत नोकरीला होते. ज्या दिवशी आईच्या बँकेच्या शटरवर कलम ३५अ खालच्या निर्बंधांचा कागद चिकटला आणि खातेदाराला एक हजार रुपयांपेक्षा जास्त काढता येणार नाहीत असं कळलं, त्या संध्याकाळी शेजारच्या मावशी आमच्या ओटीवर येऊन बसल्या. त्यांचेही पैसे अडकले होते. त्यांनी मला एवढंच विचारलं, “तू बँकेत आहेस ना गं, मग तुला कसं नाही कळलं?”

हा लेख त्या प्रश्नापासून सुरू झाला, असं म्हटलं तरी चालेल. पुढची दोन-अडीच वर्षं मी दोन कार्यालयांचे उंबरठे झिजवले. एका ठिकाणी सांगत, हा विषय त्यांचा. दुसऱ्या ठिकाणी सांगत, तो यांचा. दोन्हीकडची माणसं सभ्य होती आणि दोघेही कायद्याला धरूनच बोलत होते, हे मला पुढे समजलं. सहकारी बँकेला खरोखरच दोन धनी होते. त्या दोघांना एका टेबलाशी बसवण्याचं काम ज्यांच्या कारकिर्दीत झालं, त्यांत एक नाव मला वारंवार भेटत गेलं, ते म्हणजे उषा थोरात यांचं. त्या रिझर्व्ह बँकेच्या डेप्युटी गव्हर्नर होत्या. त्यांना मी कधी भेटलेले नाही. त्यांची भाषणं, समित्यांचे अहवाल आणि रिझर्व्ह बँकेचा दरवर्षीचा ‘ट्रेंड अँड प्रोग्रेस’ अहवाल वाचून जे हाती लागलं ते इथे मांडते.

आधी दोन धन्यांची गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे ठेवीची परंपरा फार जुनी. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून तीन हजार कार्षापण कायमचे ठेवले, दोन हजार महिना एक टक्क्याने आणि एक हजार पाऊण टक्क्याने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्षूंना वस्त्रं द्यायची. या व्यवहाराची नोंद निगमसभेत झाल्याचंही लेख सांगतो. याच उषवदाताने आमच्या सोपाऱ्यातही धर्मशाळा बांधल्या, म्हणून त्याच्याबद्दल आम्हाला थोडी आपुलकी. ठेव कोणाकडे आहे, किती दराने आहे आणि तिची नोंद कुठे आहे, हे तीन प्रश्न तेव्हाही होते.

आधुनिक काळात १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकर या मराठी माणसाने बडोद्यात ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ काढली. १९०४ साली सहकाराचा पहिला कायदा आला. वसईत १९१८ साली बॅसीन कॅथॉलिक बँकेची सुरुवात झाली, ती आज शंभरी ओलांडून उभी आहे. या सगळ्या संस्थांचा धनी होता सहकारी संस्थांचा निबंधक, म्हणजे राज्य सरकार. १ मार्च १९६६ पासून बँकिंग नियमन कायद्यातल्या काही तरतुदी सहकारी बँकांनाही लागू झाल्या आणि रिझर्व्ह बँक दुसरी धनीण म्हणून आली. मात्र तिला अर्धाच कारभार मिळाला. परवाना, राखीव निधी, कर्जाचे निकष, तपासणी हे रिझर्व्ह बँकेकडे. नोंदणी, निवडणूक, लेखापरीक्षण, संचालक मंडळाची बरखास्ती, अवसायक नेमणं हे निबंधकाकडे. बँक बुडते आहे असं तपासणीत दिसलं तरी संचालकांना घरी पाठवायचं तर निबंधकाला विनंती करायची. निबंधकाने आदेश काढला तर संचालक मंत्र्यांकडे अपील करणार. संचालक कोण असतात आणि मंत्री कोणाच्या बळावर निवडून येतात, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

१९९३ मध्ये, मराठे समितीच्या शिफारशींनंतर, नव्या नागरी बँकांना परवाने देण्याचं धोरण सैल झालं. त्या मे महिन्यापासून जून २००१ पर्यंत ८२३ परवाने दिले गेले. पुढे रिझर्व्ह बँकेच्याच मालेगाम समितीने नोंदवलं की मार्च २००३ अखेर त्यांतल्या जवळजवळ एक तृतीयांश बँका आर्थिकदृष्ट्या खिळखिळ्या झाल्या होत्या. माझ्या आईची बँक याच पिकातली. आणि २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक शेअर बाजाराच्या घोटाळ्यात कोसळली तेव्हा देशभरातल्या नागरी बँकांच्या दारात रांगा लागल्या. आमच्या शाखेतही लागल्या होत्या. आमच्या व्यवस्थापकांनी तिजोरीतली रोकड मुद्दाम काउंटरवर सर्वांना दिसेल अशी रचून ठेवली होती, आणि त्या उपायाने चार वाजेपर्यंत रांग विरली.

आता उषा थोरात यांच्याकडे येते. दिल्लीच्या लेडी श्रीराम महाविद्यालयातून आणि मग दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून अर्थशास्त्र शिकून त्या १९७२ मध्ये रिझर्व्ह बँकेत अधिकारी म्हणून आल्या. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांचे चिरंजीव यशवंत थोरात हेही रिझर्व्ह बँकेतलेच. पुढे ते नाबार्डचे अध्यक्ष झाले. लग्नाने उषाताई या कोल्हापूरच्या घराण्यात आल्या. विद्यापीठात राहून ग्रंथ लिहिणारे अर्थशास्त्रज्ञ आपल्या परिचयाचे असतात. पण अर्थशास्त्र शिकून तेहतीस वर्षं एकाच संस्थेत खात्यामागून खातं सांभाळणाऱ्या माणसाचं चरित्र कोणी लिहीत नाही, कारण त्याचं लेखन परिपत्रकांत असतं आणि परिपत्रकावर विचाराचं नाव नसतं, फक्त सहीचं असतं.

त्यांच्या कारकिर्दीतला एक मोठा टप्पा अंतर्गत कर्ज व्यवस्थापनाचा, म्हणजे सरकार रोखे विकून जे कर्ज उभारतं त्याच्या बाजाराचा. नव्वदीच्या दशकात हा बाजार जवळपास नव्याने घडवावा लागला. त्याआधी सरकार ठरवेल त्या व्याजाने बँकांनी रोखे घ्यायचे अशी रीत होती. लिलाव, खुले दर, व्यवहारांची हमी देणारी समाशोधन संस्था ही सगळी यंत्रणा त्या दहा-बारा वर्षांत उभी राहिली. २००२ मध्ये भारताच्या रोखे बाजारावर थोरात यांनी एक सविस्तर निबंधही लिहिला. तो वाचताना मला त्यांच्या स्वभावाचा अंदाज आला. सुधारणा कोणत्या क्रमाने केल्या, आधी काय असल्याशिवाय पुढचं चालत नाही, हे त्या शांतपणे सांगत जातात. विशेषणं जवळपास नाहीत. आमच्या जुन्या चीफ अकाउंटंटची टिपणं अशीच असत, म्हणून मला ते आवडलं असेल.

१९३५ साली स्थापन झालेल्या रिझर्व्ह बँकेला पहिल्या महिला डेप्युटी गव्हर्नर मिळायला २००३ साल उजाडलं, त्या के. जे. उदेशी. मग २००४ मध्ये श्यामला गोपीनाथ आणि १० नोव्हेंबर २००५ रोजी उषा थोरात. पुढची पाच वर्षं चार डेप्युटी गव्हर्नरांपैकी दोघी बायका होत्या. विरारहून सुटणाऱ्या लेडीज स्पेशलमध्ये तेव्हा आम्ही बँकेतल्या बऱ्याच जणी असायचो. आमच्या डब्यात या बातमीवर गप्पा झाल्याचं आठवतं. कौतुक होतंच, पण एकीने विचारलं होतं, “त्या येऊन आपल्या बँकेचं काय होणार?” तेव्हा सगळ्या हसल्या. प्रश्न तसा बरोबर होता.

मार्च २००५ मध्ये, वाय. व्ही. रेड्डी गव्हर्नर असताना, रिझर्व्ह बँकेने नागरी बँकांसाठी ‘व्हिजन डॉक्युमेंट’ जाहीर केलं. त्याचं श्रेय मी कोणा एका व्यक्तीला देणार नाही. पण पुढच्या वर्षांत या बँकांबद्दल मिंट रोडवरून जे बोललं गेलं, त्यात थोरात यांचा आवाज ठळक आहे. कागदाचा गाभा असा : घटनेनुसार बँकिंग केंद्राचं आणि सहकार राज्याचं. हे बदलायचं तर कायदे बदलावे लागतील, आणि त्याला कोणी राजी नाही. तोवर थांबायचं की आहे त्या कायद्यात मार्ग काढायचा? रिझर्व्ह बँकेने दुसरा रस्ता धरला. प्रत्येक राज्य सरकारशी सामंजस्य करार करायचा आणि राज्यात एक कृतिदल नेमायचं. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं ‘टॅफकब’. रिझर्व्ह बँकेचे प्रादेशिक संचालक अध्यक्ष, सहकार निबंधक सहअध्यक्ष, शिवाय बँकांच्या राष्ट्रीय आणि राज्य महासंघांचे प्रतिनिधी. एकेका आजारी बँकेची फाइल या टेबलावर यायची आणि प्रश्न एकच असायचा : ही जगेल का? जगणार असेल तर कशी, आणि नसेल तर ठेवीदाराला कमीत कमी इजा होऊन ती कशी मिटवायची?

वाचताना हे किरकोळ वाटेल. चार माणसं एका खोलीत बसली, त्यात काय मोठं? पण मी ज्या दोन कार्यालयांत खेटे घातले होते, त्यांच्यात तोवर फक्त पत्रं जात होती, आणि पत्राला उत्तर येईपर्यंत बँकेतली चांगली कर्जंही थकीत होत. राज्यांनी या टेबलाशी यावं म्हणून लालूचही होती. करार केलेल्या राज्यांतल्या सक्षम बँकांना विस्तारित कक्षाची शाखा करणं, म्युच्युअल फंड विकणं, परकीय चलनाचे व्यवहार अशा बंद असलेल्या वाटा खुल्या झाल्या. गुजरात, आंध्र, कर्नाटक आधी आले. सर्वांत जास्त नागरी बँका असलेल्या महाराष्ट्राने २००६ मध्ये सही केली. बदल्यात राज्याने मान्य केलं की मोठ्या बँकांचं लेखापरीक्षण सनदी लेखापालांकडून होईल आणि बरखास्ती किंवा अवसायनाची रिझर्व्ह बँकेची मागणी अडवली जाणार नाही. सक्ती करणारा कायदा नव्हता, शब्द दिला होता.

याचा परिणाम मी स्वतः काउंटरच्या आतून पाहिला. आमच्या बँकेने त्या काळात एक छोटी बँक विलीन करून घेतली. दोन्ही बँकांची नावं सांगत नाही. विलीनीकरणाला रिझर्व्ह बँकेचं ना-हरकत पत्र हवं असे, आणि बुडीत बँक घ्यायची तर तिच्या ठेवी पुऱ्या फेडण्याची हमी घेणाऱ्या बँकेने द्यायची. त्यामुळे आमचे संचालक साशंक होते; दुसऱ्याचं दुखणं विकत कशाला घ्या? आम्ही सहा जणांनी तीन आठवडे त्या बँकेची कर्जखाती तपासली. कागदावर तारण असलेल्या एका घराच्या जागी प्रत्यक्षात चिंचेचं झाड निघालं. सोनेतारणाच्या पिशव्या उघडल्या तेव्हा मात्र सगळं सोनं जागच्या जागी होतं. शाखेतल्या कॅशियर बाईंनी ते पंधरा वर्षं डोळ्यांत तेल घालून सांभाळलं होतं. शेवटी सौदा झाला. एका सोमवारी सकाळी पाटी बदलली, शिक्के बदलले आणि रांगेतल्या पहिल्या आजोबांनी जुनं पासबुक पुढे केलं तेव्हा त्यांची सगळी रक्कम नव्या खात्यात होती. त्यांनी पाचशे रुपये काढले, मोजले आणि पुन्हा भरले.

आईच्या बँकेला असा घेणारा मिळाला नाही. टेबल मांडलं गेलं तोवर तिच्यात घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. परवाना रद्द झाला, अवसायक आले, आणि २००७ मध्ये ठेव विम्याचे एक लाख रुपये मिळाले. वरचे ३८,४०० अवसायकाच्या वहीत राहिले.

आकडे पाहिले तर मार्च २००५ अखेर देशात १,८७२ नागरी बँका होत्या आणि मार्च २०१० अखेर १,६७४. सुमारे दोनशे पाट्या उतरल्या. त्यांतल्या कित्येक विलीन झाल्या, उरलेल्या बंद पडल्या. कवठेकरांच्या ‘अन्योन्य’चाही शेवट त्याच दशकात झाला. सहकारातल्या आमच्या बऱ्याच मंडळींना ही मोहीम सहकाराच्या मुळावर आल्यासारखी वाटे. परिषदांतून तसे ठरावही होत. मला ते पटलं नाही. ठेवीदाराच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेला सहकार म्हणायचं असेल तर ठेवीदार आधी यायला हवा, आणि आपल्या कायद्यात नागरी बँकेचा मालक असतो भागधारक, जो बहुधा कर्जदार असतो. ठेवीदाराला मत नसतं. आई त्या बँकेची कधी सभासदसुद्धा नव्हती.

एका गोष्टीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. ठेव विम्याची मर्यादा १ मे १९९३ रोजी एक लाख झाली आणि ४ फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथेच थांबली, मग पाच लाख झाली. थोरात यांची पाच वर्षं या सत्तावीस वर्षांच्या मधोमध येतात. मर्यादा वाढवायला केंद्र सरकारची संमती लागते हे खरं. पण बँका मिटवण्याची मोहीम चालू असताना विम्याची रक्कम महागाईने अर्ध्यावर आली होती, आणि त्याचा चटका नेमका फूलवाली, रिक्षावाला, निवृत्त शिक्षक यांनाच बसत होता.

त्यांच्या दुसऱ्या मोठ्या कामाकडे मी नंतर वळले, आणि त्याचा संबंध थेट आमच्या जिल्ह्याशी निघाला. १९६९ मध्ये धनंजयराव गाडगीळांच्या अभ्यासगटाने सुचवलं की प्रत्येक जिल्ह्याची बँकिंगची जबाबदारी एका बँकेने अंगावर घ्यावी. त्या डिसेंबरात ‘अग्रणी बँक योजना’ सुरू झाली. ठाण्याची अग्रणी बँक झाली बँक ऑफ महाराष्ट्र, आणि २०१४ मध्ये पालघर वेगळा झाल्यावर इथेही तीच राहिली. चाळीस वर्षांत या योजनेच्या बैठका म्हणजे चहा, बिस्किटं आणि मागच्या वेळचेच आकडे, अशी अवस्था बऱ्याच ठिकाणी झाली होती. तिचा फेरविचार करायला २००७ मध्ये थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. अहवाल ऑगस्ट २००९ मध्ये आला. पुन्हा तीच पद्धत, नवी यंत्रणा न काढता जुनं टेबल दुरुस्त करायचं. दोन हजारांवर वस्ती असलेल्या प्रत्येक गावाला मार्च २०११ पर्यंत बँकसेवा मिळावी आणि त्यासाठी पक्की शाखाच हवी असं नाही. यंत्र घेऊन येणारा बँकेचा प्रतिनिधीही चालेल, अशी शिफारस होती. देशात अशी सुमारे ७३ हजार गावं निघाली. मुदत पुढे वर्षभर वाढली, पण काम बऱ्याच अंशी झालं.

आमच्याकडे मात्र ‘गाव’ या शब्दाशीच अडचण होती. जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडे गाव म्हणजे डोंगरउतारांवर विखुरलेले पाडे. जनगणनेत एक गाव, प्रत्यक्षात आठ-दहा पाडे. कित्येक गावं दोन हजारांच्या खालीच राहतात, आणि जी वर जातात तिथेही प्रतिनिधी बसतो मुख्य पाड्यावर. रोजगार हमीची मजुरी खात्यात जमा होऊ लागली, पण ती काढायला बाईला अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून डोंगर उतरावा लागे. निकष दिल्ली-मुंबईत बसून सरासरीवर ठरतात आणि सह्याद्रीचा उतार सरासरीत बसत नाही. पुढच्या टप्प्यात दोन हजारांखालची गावंही योजनेत आली हे नोंदवायला हवं. पाडा हा शब्द मात्र मला त्या कागदांत सापडला नाही.

८ नोव्हेंबर २०१० रोजी त्या निवृत्त झाल्या. नंतर रिझर्व्ह बँकेनेच उभारलेल्या ‘कॅफ्राल’ या संशोधन-प्रशिक्षण संस्थेच्या संचालक, बिगर-बँक वित्तसंस्थांवरच्या कार्यगटाच्या अध्यक्ष, आणि २०१९ मध्ये परदेशांतल्या रुपया बाजारावरच्या कृतिदलाच्या प्रमुख. श्यामला गोपीनाथही २०११ मध्ये निवृत्त झाल्या. त्यानंतर रिझर्व्ह बँकेत महिला डेप्युटी गव्हर्नर आल्या त्या थेट २०२५ मध्ये, पूनम गुप्ता. मधल्या चौदा वर्षांचं कारण मला कोणत्या अहवालात मिळालेलं नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले. मर्यादा पुन्हा तीच, एक हजार. वसई-विरारमधल्या अनेक घरांत त्या रात्री जेवणं झाली नसतील. एकाच बांधकाम समूहाला दिलेलं कर्ज हजारो बनावट खात्यांआड लपवलेलं होतं. टेबलाभोवती कितीही शहाणी माणसं बसली तरी समोरची फाइलच खोटी असेल तर ती काय करणार? २०२० मध्ये बँकिंग नियमन कायदा बदलला आणि व्यवस्थापन, लेखापरीक्षण, विलीनीकरण यांचे अधिकार रिझर्व्ह बँकेकडे आले. पंधरा वर्षांपूर्वी जे दिलेल्या शब्दावर चालवून पाहिलं गेलं, ते कायद्यात उतरलं. पुढच्याच वर्षी, निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली. माझ्या आईला त्यासाठी तीन वर्षं लागली होती.

शेजारच्या मावशींना मी पुढे एकदा हे सगळं, दोन धनी, करार, टेबल, समजावून सांगायला बसले. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “म्हणजे तुला खरंच कळण्यासारखं नव्हतं तर.” मी हो म्हटलं. ते पूर्ण खरं नव्हतं. त्या बँकेचा ताळेबंद आमच्या शाखेच्या कपाटात होता. मी तो उघडून पाहिला नव्हता.

विम्याचे एक लाख आले तेव्हा आईने त्यांतले साठ हजार पोस्टात ठेवले आणि चाळीस माझ्या बँकेत. अवसायकाचं पत्र २०१२ मध्ये आलं, वारसांनी अर्ज करावा म्हणून. तोवर ती गेली होती. अर्ज मी भरला, त्याची पोच त्याच हिरव्या पासबुकात ठेवली आहे.